बाप्यांची बरणी

गाणं विळीवर चिरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. हौसामावशी.

चिरणारी म्हणजे अक्षरशः चिरणारी. पाटावर बसायचं, विळीचं पातं पदराला पुसायचं, टेपरेकॉर्डरच्या स्पूलमधली ती तपकिरी फीत दोन बोटांत ताणायची आणि भेंडीचं देठ उडवावं तशी कच्चकन कापायची. मग टोकं जोडायला चिकटपट्टी. ती चिकटपट्टी माझी. मी लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, तेव्हा माझ्याकडे चिकटपट्टी असणार, हा शोध मावशींना आम्ही शेजारी राहायला आलो त्याच दिवशी लागला. सामान अजून टांग्यातून उतरत होतं. "मास्तर, चिकटपट्टी हाय का वं?" ही आमची पहिली ओळख. लोक साखर मागतात, विरजण मागतात. मी बावळटासारखी दिली. ती परत आली नाही, हे काय सांगायला हवं?

वलवणच्या रस्त्याला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता आणि मावशी त्या बंगल्याच्या राखणदार, स्वयंपाकीण, माळीण आणि साहेब नसले की मालकीणही. साहेब वर्षातून दोनदा यायचे, म्हणजे मालकीण बहुतेक त्याच. आम्ही शेजारच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मावशी मूळच्या मावळातल्या बेडश्याच्या. ठणठणीत तब्येत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की वलवणच्या धरणावर उभ्या माणसानं ओ द्यावी. नवऱ्याचा विषय निघाला की स्वतःच खुलासा करायच्या, "त्यानं मला न्हाई टाकली. म्या त्याला टाकला. बायामानसानं कुनाच्या मागं उभं ऱ्हायाचं न्हाई."

आता ही गाणी कुठली? तर साहेबांची मुलगी बेबी. लहानपणी तिला दम्याचा त्रास, म्हणून मुंबईहून आणून इथल्या हवेत ठेवलेली. आईवडील तिकडे, पोर इकडे, मावशींच्या काखेत. शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा ती साहेबांसमोर "मला न्हाई जायाचं तितं" असं अस्सल मावळी बोलली आणि साहेबांच्या हातातला चहा सांडला म्हणतात. पुढे ती विलायतेला शिकायला गेली, तिथंच लग्न करून राहिली. जाताना स्वतःचं टेपरेकॉर्डरचं धूड मावशींना देऊन गेली. हिरवं बटण दाबायचं, तांबडं अजिबात दाबायचं नाही, दाबलं की सगळं पुसलं जातं, एवढं शिकवून गेली. आणि एके दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरनं एक स्पूल आणून दिला. बेबीनं निवडून भरलेली तिकडची गाणी. सगळी बँडची, धडाधड ड्रम, किंचाळणारी गिटार, आणि प्रत्येक बँडच्या पुढे एक बाई.

बस्स. मावशींना धर्म मिळाला. "बाई फुडं, बाप्ये मागं" हे त्या धर्माचं एकमेव वचन.

आता गाणी आवडली तर माणसानं आपली ऐकावीत. मावशी ती वाटायच्या. दुधाचा रतीब घालणारा वलवणचा किसनभाऊ असो, टपालवाला असो, नाहीतर बंगला विचारत आलेला पाहुणा, मावशी त्याला आत घेऊन चहा पुढे ठेवायच्या आणि दाराला आतून कडी घालायच्या. स्पूल संपेपर्यंत कडी निघायची नाही. किसनभाऊचं दूध दोनदा नासलं. तो नंतर फाटकाबाहेर उभा राहून कुत्र्यासारखा कानोसा घ्यायचा आणि ड्रम ऐकू आला की किटली ठेवून पळायचा.

मला नाट्यसंगीताची आवड. संध्याकाळी चार सूर कानावर पडावेत एवढीच माझी देवाकडे मागणी, तर देवानं हे सूर पाडले! आणि माझी बायको शालू, जिनं मला साथ द्यायची, ती पहिल्याच दिवशी मावशींच्या पक्षात गेली. दोघी मांडीवर ताल धरून बसायच्या, मध्ये मी, कडीकडे बघत.

इंग्रजी मावशींना ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हणून अडलं कुठं? प्रत्येक बाईला त्यांनी नाव ठेवलेलं होतं. चिक्कीवाली, कारण ती एकेक शब्द कडाकडा चावून टाकायची. सर्दीवाली. नवरा हाकलणारी. "आयका, आयका, आता त्याची वळकटी भायेर फेकतीया बगा!" मावशी ओरडायच्या. मी एकदा शब्द नीट ऐकले. ती बाई समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताबद्दल गात होती. मी तसं सांगितलं. मावशींनी माझ्याकडे दयेनं बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, समिंदर बगून कुनी एवढं वरडतं व्हय?" यावर शालू हसली.

तर ही चिराचिरी कशासाठी? एक तर बेबीनं लावलेला क्रम मावशींना पटत नव्हता. "पोरीला गानी कळत्यात, पर वाढायची अक्कल न्हाई. पयल्या घासालाच ठेचा वाढतीया!" म्हणून दर महिन्याला विळी घेऊन त्या क्रम बदलायच्या, आणि "नवा बेत केलाय, या" असं आमंत्रण यायचं. बेत नवा, भाज्या त्याच. एकदा एक तुकडा पालथा आणि उलट्या टोकानं जोडला गेला, तर बाई गोधडीतून गावं तशी दबक्या आवाजात, शेवटाकडून सुरुवातीकडे गायला लागली. मावशींना ती इतकी आवडली की सुधारायला तयार होईनात. तिचं नाव उलटी बाई.

आणि दुसरं कारण म्हणजे बाप्ये. बाईचं छान चाललेलं असताना मध्येच एखादा पुरुष तोंड घालायचा. मावशींना ते खपत नसे. "हिला बोलू द्या की वं! ह्यो कोन मदीच?" की कच्चकन! तो बाप्या विळीखाली. पण फेकायच्या नाहीत. बेबीचं आहे, टाकायचं कसं? लोणच्याची एक रिकामी चिनी मातीची बरणी होती, तिच्यात हे सगळे कापलेले पुरुष भरून ठेवलेले असायचे. वर फडकं बांधून. ती बाप्यांची बरणी. मला कधी जास्त शहाणपण सुचलं की मावशी तिच्याकडे बोट दाखवायच्या.

हे सगळं हसण्यावारी चालायचं. फक्त गाणी संपली, की मावशी स्पूल मागे गुंडाळताना एक वाक्य दरवेळी बोलायच्या. "गानी धाडली, पर एक शबूद न्हाई धाडला." मी म्हटलं, मी पत्र लिहून देतो, विचारू बेबीला. तर फणकारल्या. "मागून घेतलेला शबूद काय करायचा मला? तिला ठाव हाय मला वाचाया येत न्हाई. बोलायचं यंत्र हाय तिच्यापाशी. गान्याच्या शेवटाला नुसतं 'मावशे' म्हनली असती तर फीत तुटली असती का? आता तिनं बोलल्याबिगर म्या बोलायची न्हाई." साहेब आले की सांगायचे, बेबी बरी आहे. मावशी "असंल" म्हणून पोळ्या लाटायला जायच्या. आणि महिना झाला की पुन्हा विळी. त्यांची चिराचिरी कुठल्या दुखण्यावरचा उतारा होता ते शालूला माझ्या आधी कळलं होतं. मी आपला चिकटपट्टीचा हिशेब करत बसलेला.

एका रविवारी दुपारी धुकं इतकं उतरलं होतं की बंगल्याचं फाटक दिसेना. आम्ही नेहमीसारखे कडीबंद. नवा बेत ऐकून संपला. शालूनं "पुन्हा लावा ना" म्हणून माझ्या जिवावर उठायचं ठरवलं. मावशींचे हात भाकरीच्या पिठात होते. त्या म्हणाल्या, "मास्तर, तेवढी फीत मागं गुंडाळा."

मला कंटाळा. गुंडाळायला वेळ लागतो, घरघर होते. मी विचार केला, सगळी फीत उजवीकडच्या चक्रावर आलेलीच आहे, तेच चक्र उचलून उलटं करून डावीकडे बसवलं की झालं! तसं केलं, हिरवं बटण दाबलं आणि आता ड्रम सुरू होणार म्हणून कानाची तयारी केली.

ड्रम नाही, गिटार नाही. आधी नुसती खरखर. मग एक पोरगी बोलायला लागली.

"...आन हितं भाकरी करायला गेले तर सगळी करपली, तुझ्यासारखी फुगतच न्हाई मेली..."

चिकटपट्टीचा सांधा आला. खट्.

"...म्हनून त्यो म्हनतो, तुझी मावशी हाय तरी कोन? म्या म्हनलं..."

खट्. पुढे काय म्हटलं ते गेलं. तिथून एकदम तिकडच्या पावसाचं बोलणं, मग अर्धवट हसू, मग काहीच नाही.

मावशी उठल्या त्या पिठाच्या हातांनीच. परात लवंडली. यंत्राच्या जाळीला कान लावून उभ्या राहिल्या. माझं डोकं तेव्हा चाललं. ह्या फितीला दुसरी बाजूही होती. ग्रामोफोनची तबकडी उलटी करतात तशी ही उलटी करून ऐकायची असते, हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. बेबीनं एका बाजूला गाणी भरली होती आणि दुसऱ्या बाजूला ती बोलली होती. भरभरून बोलली होती. आणि एक बाजू विळीवर चिरली की दुसरी आपोआप चिरली जाते.

हे मी सांगितलं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं. मावशी मटकन खाली बसल्या.

"म्या चिरलं की वं मास्तर," त्या म्हणाल्या. "पोर बोलत हुती आन म्या तिचं तोंड चिरत बसले."

एवढ्या आवाजाची बाई, पण हे इतकं हळू बोलली की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. कडी उघडायला हरकत नव्हती, पण आता कुणाला जायचंय?

शालूनं त्यांचे हात पुसले आणि विचारलं, "मावशी, बेबीनं लावलेला क्रम आठवतो का?"

मावशींनी डोळे वटारले. "आठिवतो म्हंजी? जलमभर नावं ठिवलीत त्याला! पयली चिक्कीवाली, मंग नवरा हाकलनारी, मंग सर्दीवाली..." आणि सगळा क्रम घडाघडा म्हणून दाखवला. गाणी बेबीच्या क्रमानं लावली की पाठीमागचं बोलणं आपोआप जागेवर येणार होतं. मात्र मध्ये खिंडारं राहणार होती. जिथून जिथून पुरुष कापले तिथं.

आम्ही तिघांनी एकदमच बरणीकडे बघितलं.

पुढचे काही दिवस मी शाळेतून थेट तिथं जायचो. चिकटपट्टी विकत आणली, स्वतःहून, हे नोंदवून ठेवा. मावशी बरणीतून एकेक बाप्या काढून यंत्राला लावून ऐकायच्या, आवाजावरून ओळखायच्या, "ह्यो चिक्कीवालीचा दीर", "ह्यो सर्दीवालीला मदीच टोकनारा", आणि ज्याच्या त्याच्या बाईशेजारी मला चिकटवायला लावायच्या. उलटी बाईसुद्धा सुलटी केली. शिव्या चालूच होत्या, पण आता त्यात अदब आली होती. "या बाबांनो, या आत, बसा. तुमच्या पाठीवर माझ्या लेकीचं बोलनं हाय, म्हनून घेतीया."

शेवटचा बाप्या चिकटला. स्पूल उलटा बसवला. खट् खट् होत होतं, काही शब्द विळीनं कायमचे खाल्ले होते, पण बेबी बोलली.

"मावशे, ही बाजू आधी आयकशील ना? ही गानी म्या तुझ्यासाठी गोळा केलीत. तू म्हनायचीस, बायामानसानं कुनाच्या मागं उभं ऱ्हायाचं न्हाई. तर बग, ह्या सगळ्या फुडं हुब्या हायेत. आयकलं की तू आठिवतीस." मग भाकरी, मग पाऊस, मग नवऱ्याच्या दोन तक्रारी, त्यावर मावशींनी "घातला असता त्याला बरणीत" म्हणून घेतलं. आणि शेवटी, "हितं माझ्यासंगं असं बोलाया कुनी न्हाई गं. म्हनून एकटीच बोलतीया. तू तांबडं बटन दाब आन कायबी बोल. शिव्या दे. पर धाड. म्या वाट बगते."

ती तिकडे वाट बघत होती. ही इकडे. आणि मध्ये आमची कडी लावून गाणी चाललेली. शालू रडत होती. मी रडत नव्हतो, मला धुक्यानं सर्दी झाली होती.

कोरा स्पूल मी पुण्याहून आणला, जुन्यावर तांबडं दाबलं असतं तर बेबीच पुसली गेली असती. मावशींनी नवं लुगडं नेसून, यंत्रापुढे पाट मांडून, देवाला करतात तसा नमस्कार करून तांबडं बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. आणि जन्मात कुणाला दोन शब्द सलग बोलू न देणारी ही बाई गप्प! फीत चाललीय, मावशी बघतायत. शालूनं खुणा केल्या. मी हातवारे केले. शेवटी मावशींनी घसा खाकरला.

"बेबे," त्या म्हणाल्या, "बाप्ये लय घातलेस गं."

आणि मग सुरू झाल्या ते काय विचारता! भाकरीचं पीठ कसं मळायचं, थंडीत गळ्याला काय बांधायचं, किसनभाऊचं दूध कसं नासलं, हा मास्तर किती चिक्कू आहे. मी समोरच बसलो होतो, पण ते असो. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

फीत संपली. टोक सुटून चक्र फडफडायला लागलं. मी सुटलो म्हणून उठलो, तर मावशींनी मला हात धरून खाली बसवलं, भरलेला स्पूल काढला, उलटा करून बसवला आणि पुन्हा तांबडं बटण दाबलं.