साळूआत्याच्या कोंबडीचा नवस

एका जंगलात, जिथं स्वतःचा आजार सोडून बाकी सगळ्यांच्या आजारावरचं औषध प्रत्येकाला ठाऊक होतं, तिथं एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. अंगभर काटे, आणि चालायला लागली की ते खुळखुळतात.

सगळे तिला साळूआत्या म्हणत. प्रेमानंच म्हणत, पण दोन हात लांबून.

आत्याच्या जवळ बसेल असं कुणी नव्हतं. कसं असणार? मग एका बाजाराच्या दिवशी पायवाटेनं चाललेल्या एका माणसाच्या पाटीतून एक कोंबडी निसटली. ठिपक्याठिपक्यांची, लालभडक तुऱ्याची. ती घाबरून पळत सुटली ती नेमकी आत्याच्या बिळात शिरली. आत्याच्या अंगावर एकच जागा अशी होती जिथं काटा नव्हता. पोट. कोंबडी सरळ तिथं जाऊन बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

आत्या तासभर हलली नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला.

तिनं कोंबडीचं नाव भिंगरी ठेवलं. भिंगरी दिवसभर बिळापुढे उकरत बसे आणि संध्याकाळी आत्याच्या पोटाशी येऊन बसे. आत्याला आणखी काही नको होतं.

मग ऐन थंडीत भिंगरी आजारी पडली.

सकाळी आत्यानं नाचणीचे दाणे टाकले. भिंगरी आली, दाण्यांजवळ उभी राहिली, आणि नुसतीच उभी राहिली. तुरा जांभळट पडलेला. पंख ओल्या घोंगडीसारखे लोंबलेले. गळ्याखाली, जिथं दाणे साठतात त्या पिशवीत, लिंबाएवढा गोळा. आत्यानं पंजानं हलकेच चाचपून बघितलं. दगड!

आत्याचे सगळे काटे भीतीनं उभे राहिले. तेवढ्यात वरच्या फांदीवरून वानरकाकूंनी ते पाहिलं, आणि दुपारपर्यंत बिळापुढे रांग लागली.

त्या जंगलात आजाऱ्याला बघायला जायची फार चांगली रीत होती. आजारी बरा होवो न होवो, बघायला येणाऱ्यांना बरं वाटायचं.

अस्वलमामा मधाचं पोळं घेऊन आले. "पेशंटला चालतं ना?"

"नाही हो मामा. घशाखाली काही उतरतच नाही."

"अरेरे," म्हणत मामांनी ते तिथंच बसून संपवलं. "टाकवत नाही ना आपल्याला."

"अगदी अस्संच माझ्या जावेच्या पोपटाला झालं होतं," वानरकाकू म्हणाल्या.

"मग?" आत्यानं आशेनं विचारलं.

"मग काय! चौथ्या दिवशी..." काकूंनी वर आभाळाकडे बघितलं. आत्यानंही बघितलं. भिंगरीनं एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

"हा अशक्तपणा आहे," मामा बोटं चाटत म्हणाले. "अशक्तपणावर औषध एकच. कोंबडीचा रस्सा."

आत्यानं भिंगरीला पोटाशी ओढलं.

"म्हणजे, दुसऱ्या कुणाला झाला असता तर," मामा म्हणाले.

इतक्यात गर्दी बाजूला सरली. भगत आले होते. भगत म्हणजे मुंगूस. ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक धोंडा होता. त्या धोंडोबाची पूजाअर्चा त्यांच्याकडे होती. शिवाय मुंगूस दिसणं शुभ असं सारं जंगल मानायचं. त्यामुळे भगत रोज सकाळी कुणाच्याही घरात डोकं घालत, आणि घरचे उलट हात जोडत.

"घाबरू नका आत्याबाई," भगत मऊ आवाजात म्हणाले. "धोंडोबाला नेहमीचा नवस बोला."

मुलांनो, त्या जंगलात दुखणी पुष्कळ होती, पण नवस एकच होता. पाय मोडला, कोंबडी. ताप आला, कोंबडी. पिल्लू वेळेवर चालेना, कोंबडी. आजारी पूर्ण बरा झाला की गावातून एक कोंबडी आणून धोंडोबापुढे ठेवायची. ती कशी आणली, हे धोंडोबा विचारत नसे. तिचं पुढे काय झालं, हे धोंडोबाला विचारायची रीत नव्हती.

आत्याचं लक्ष भिंगरीच्या मिटल्या डोळ्यांकडे होतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं. "देवा धोंडोबा, माझ्या भिंगरीला पूर्ण बरी कर. तुला कोंबडी देईन."

"वा!" भगत म्हणाले, आणि जाताना भिंगरीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

नवस झाला. आता फक्त औषध राहिलं होतं.

त्याच सुमारास धोब्याचा धाकटा मुलगा शिकून परत आला होता. धोबी म्हणजे नदीकाठी तुरुतुरु चालणारा तो काळापांढरा पक्षी. सात डोंगरांपलीकडे जाऊन तो डॉक्टर झाला होता. तिकडे त्याला राहायला चांगलं तळं देत होते. ते सोडून तो आपल्या जंगलाची सेवा करायला आला होता. हे जंगलाला माहीत होतं, कारण दर तीन वाक्यांनंतर तो ते सांगत असे. मुलगा मनानं सोन्यासारखा. अडचण एकच होती. त्याची शेपटी सारखी वरखाली व्हायची. त्यामुळे तो ‘नाही’ म्हणाला तरी जंगलाला ‘हो’ वाटायचं.

त्यानं भिंगरीचा गळा तपासला. "वाळक्या गवताची लांब पाती गिळलीत हिनं. आत गुंता झालाय. वाचेल, पण आधी ही गर्दी बाहेर काढा."

"गर्दी?" अस्वलमामा दुखावून म्हणाले. "अरे, आम्ही आपली माणसं आहोत."

गर्दी गेली आणि आत्याची शुश्रूषा सुरू झाली. गोळा मऊ होईपर्यंत दाणा बंद. चोचीच्या कडेनं कोमट पाणी, थेंब थेंब. दोन थेंब तेल. मग तो गोळा चोळायचा, दाबायचा नाही. बिळं खणून खणून आत्याचे पंजे राठ झाले होते. त्या पंजांनी ती दुधावरची साय सरकवावी तसा गोळा चोळायची.

"आणि ऊब हवी. सतत," धोबी म्हणाला.

ऊब द्यायला जागा एकच होती. आत्या चार दिवस उताणी पडून राहिली. चारही पाय वर, पोटावर भिंगरी. साळिंदरानं उताणं पडणं म्हणजे काय, ते साळिंदरालाच विचारा. पाठीचे अकरा काटे मोडले.

"आत्या, थोडं कुशीवर व्हा," धोबी म्हणायचा.

"ती जागी होईल रे," आत्या म्हणायची.

पाचव्या दिवशी गोळा मऊ झाला. सहाव्या दिवशी भिंगरीनं पेज घेतली. आठव्या दिवशी ती उठली, पंख झाडले आणि आत्याच्या नाकावर टोचलं. आत्या रडली. मग हसली. मग पुन्हा रडली.

नवव्या दिवशी सकाळी बिळात मुंगसाचं डोकं आलं.

"पूर्ण बरी दिसते."

"तुमच्या कृपेनं, भगतबुवा."

"माझ्या कसल्या? धोंडोबाच्या. मग, कोंबडी कधी?"

"कुठली कोंबडी?"

भगत नुसते भिंगरीकडे बघत राहिले.

आत्याला तेव्हा कुठं उमजलं. "अहो, पण नवस हिच्यासाठीच होता!"

"म्हणून तर फेडायला हवा. नाहीतर हिलाच बाधेल, बिचारीला."

"मी दुसरी आणून देते."

"आणा की. गावात जा आणि आणा. रविवारपर्यंत मी थांबतो."

आत्या उठली. दोन पावलं चालली. खुळखुळ, खुळखुळ. या आवाजानं गावातलं कुत्रंन् कुत्रं उठलं असतं. चोरी काही तिच्या नशिबात नव्हती. आणि समजा आणलीच, तर तीही कुणाच्या तरी पोटाशी बसत असेल. आत्या परत येऊन बसली.

धोब्याला कळलं तेव्हा तो लालबुंद झाला, म्हणजे काळापांढरा पक्षी होऊ शकतो तितका. "हा अन्याय आहे! मी सभा घेतो!"

सभा झाली. धोबी दगडावर उभा राहून तळमळून बोलला. बरी औषधानं झाली की धोंड्यानं? जिला वाचवायचं तिलाच बळी द्यायचं, हा कुठला न्याय? वानरकाकूंनी डोळे पुसले. अस्वलमामांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. भाषण सगळ्यांना इतकं आवडलं, की रविवारच्या नवसाच्या जेवणाचं पहिलं आमंत्रण एकमतानं धोब्यालाच दिलं.

"मी येणार नाही!" धोबी ओरडला.

शेपटी वरखाली झाली. "येतोय, येतोय," सगळे म्हणाले.

शनिवारी धोबी आत्याच्या बिळापुढे मान खाली घालून बसला. "आत्या, मी उगाच आलो परत. तिकडचं तळं खरंच छान होतं."

आत्या भिंगरीला पोटाशी धरून बसली होती. उद्या हे पोट मोकळं होणार होतं. तिनं हळूच विचारलं, "बाळा, तुझ्या तिकडच्या शाळेत ‘पूर्ण बरं’ कशाला म्हणतात रे?"

"तसं बघितलं तर पूर्ण बरं कुणीच नसतं, आत्या. प्रत्येकात कुठं ना कुठं काहीतरी..."

धोबी बोलायचा थांबला. आणि मुलांनो, त्याची शेपटीसुद्धा थांबली.

रविवारी सारं जंगल बिळापुढे जमलं. भगत अंघोळ करून, मिशा विंचरून आले होते.

"डॉक्टर, चारचौघांत सांगा. कोंबडी पूर्ण बरी आहे ना?"

"नाही," धोबी म्हणाला.

सगळ्यांनी शेपटीकडे बघितलं. शेपटी ताठ. त्या जंगलानं ‘नाही’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

"नाही कशी? दाणे टिपतेय की!"

आत्यानं शनिवारभर भिंगरीकडून तालीम करून घेतली होती. तिनं एका काट्यानं हळूच खूण केली. भिंगरीनं पंख गळू दिले आणि ती म्हणाली, "खक्."

"पूर्ण बरं कुणीच नसतं, भगतबुवा," धोबी म्हणाला. "मी नाही, तुम्हीसुद्धा नाही."

भगतांनी नकळत स्वतःचं पोट चाचपलं. "मग ही पूर्ण बरी होणार तरी कधी?"

"आपण आशा सोडायची नाही."

गर्दीत चुळबुळ झाली. अस्वलमामा पुढे आले. गुडघ्यासाठी बोललेल्या दोन कोंबड्या त्यांनी अजून दिल्या नव्हत्या. "डॉक्टर, म्हणजे माझा गुडघासुद्धा...?"

"पूर्ण बरा? मुळीच नाही."

"आणि आमच्या बाळीचा ताप?" वानरकाकूंनी विचारलं.

"थोडा उरला असणार."

इतक्या आनंदानं ते जंगल कधीच आजारी पडलं नव्हतं.

त्या दिवसापासून सकाळी मुंगसाचं डोकं दारात आलं की घरोघर खोकला सुरू होई. तो पुढच्या घरी गेला की थांबे. मुंगूस दिसणं अजूनही शुभच होतं, पण आता त्याला आपण धडधाकट दिसणं मात्र अशुभ होतं. भिंगरी सकाळी पाच मिनिटं आजारी पडायची आणि उरलेला दिवस उकिरडा उकरायची. अंडीही घालू लागली होती.

धोंडोबापुढे कोंबडी येणं बंद झालं. धोंडोबाच्या तब्येतीत काही फरक पडला नाही. भगत मात्र वाळत गेले आणि एके दिवशी खरंच अंथरुणाला खिळले.

रीतीप्रमाणे सगळे बघायला गेले. अस्वलमामांनी मध नेला आणि तिथंच संपवला. वानरकाकूंनी जावेच्या पोपटाची गोष्ट सांगितली.

"अशक्तपणा आहे," मामा म्हणाले. "औषध एकच. कोंबडीचा रस्सा."

भगतांनी आशेनं एक डोळा उघडला.

"पण आता कोंबड्या आणतो कोण!" मामा म्हणाले आणि खोकत घरी गेले.

शेवटी खुळखुळ आवाज आला. साळूआत्या आली होती. तिनं भगतांच्या उशाशी भिंगरीचं एक अंडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. चौथ्या दिवशी भगत उठून बसले. सातव्या दिवशी त्यांच्या मिशा पुन्हा चमकायला लागल्या.

धोबी तपासायला आला. "भगतबुवा, आता पूर्ण बरं वाटतंय ना?"

भगतांनी उशाशी ठेवलेल्या अंड्याकडे बघितलं. आत्याकडे बघितलं. दाराशी, दोन हात लांब उभ्या असलेल्या भिंगरीकडे बघितलं.

"खक्," भगत म्हणाले.

तात्पर्य : आरोग्य हीच धनसंपदा, म्हणून ती कधीही चारचौघांत दाखवू नये.