मोन्यांचा देव बर्फात

मोन्यांच्या फ्रीजरमध्ये गणपती आहे, हे मला बर्फ मागायला गेले तेव्हा कळलं.

आमच्याकडे पाहुणे आलेले, पन्हं करायचं होतं, आणि आमच्या फ्रीजने नेमका त्याच दिवशी संप पुकारला. समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. मोने म्हणाले, "घ्या की काकू, फ्रीजर तुमचाच." उघडते तर मटारच्या पाकिटाशेजारी स्टीलची वाटी, वाटीत बर्फ, आणि बर्फात चांदीचा इवलासा गणपती. सोंड तेवढी वर.

"अहो मोने, हे काय?"

"देव पाण्यात ठेवलाय, काकू."

"हे पाणी आहे?"

"खेळ बर्फावरचा ना! म्हटलं, देवालाही तिथल्या परिस्थितीची कल्पना असावी."

मी गुपचूप बाजूच्या ट्रेमधला बर्फ घेतला आणि जाताना फ्रीजरला नमस्कार केला.

विद्याधर मोने मूळचे चिपळूणचे. इथे आखातात, रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात माल तपासायला असतात. टाइल हातात घ्यायची, बोटाने टकटक करायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजली तर पास. बद्द वाजली की मोने म्हणणार, "हेअरक्रॅक!" म्हणजे डोळ्यांना न दिसणारी भेग. आता ही सवय कारखान्यात ठेवून यावी की नाही? पण छे. कलिंगड वाजवतील, माझी लोणच्याची बरणी वाजवतील. एकदा माझ्या नातवाचं डोकं वाजवलं. नातू म्हणतो, "आजी, व्हॉट इज अंकल डुइंग?" मोने गंभीरपणे म्हणाले, "पास!"

तर या माणसाला हॉकीचं वेड. आणि हॉकी तरी आपली मैदानावरची म्हणाल तर तीही नाही. बर्फावरची, अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजची! त्यांची मुलगी मुक्ता तिथे शिकते. तिकडे शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी सामने, म्हणजे इकडे शनिवार-रविवारी पहाटे. एसी सोळावर, डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, असे मोने टीव्हीसमोर बसणार. बाहेर लोक घामाने निथळत असले तरी. "तिकडे पोरं बर्फावर घसरतायत आणि मी बनियनवर बसू?" पहाटेच्या अजानीपाठोपाठ त्यांची आरोळी ऐकू आली की मी समजायचे, गोल झाला. उठून चहा टाकायचे.

जानेवारीपर्यंत आरोळ्या भरपूर होत्या. मग टीमला काय झालं देव जाणे, हरायलाच लागली. माझा चहा उशिरा व्हायला लागला. मोने जिन्यात भेटले की सुरू. "काकू, माल भट्टीतून लवकर काढला हो. डिफेन्सला हेअरक्रॅक आहे." नाहीतर, "तो उंच पोरगा वाळलाय बघा. त्याला कोणी वरण-भात घालत नाही."

माझा मुलगा म्हणाला, "काका, तो कॅनडाचा आहे."

"मग? कॅनडात तांदूळ मिळत नाही?"

एक दिवस मी म्हटलं, बघू तरी काय प्रकार आहे. पहाटे शाल गुंडाळून गेले त्यांच्याकडे. पोरं काठ्या घेऊन सुसाट पळतायत, एकमेकांना भिंतीवर आपटतायत. म्हणे एक काळी चकती असते.

"मोने, मला काही ती चकती दिसत नाही बाई."

"मलाही नाही दिसत, काकू."

एवढ्यात गोल झाला. मोने ओरडून टीव्हीपाशी धावले, अगदी नाक लावून उभे. पडद्यावर पिवळे शर्ट घातलेला मुलामुलींचा बँड आला, आणि त्यात केस तोंडावर घेऊन ड्रम बडवणारी, कोण, तर आपली मुक्ता! दोन सेकंद. की पुन्हा काठ्या.

"दिसली ना? हसत होती ना?"

"हसत होती की."

मोने खाली बसले. कानटोपी काढली, पुन्हा घातली. "शैला गेली त्याला दोन वर्षं झाली, काकू. आई गेली तरी पोरगी एकदाही रडली नाही. दर रविवारी दोन मिनिटं फोन करते. 'आय अॅम फाइन, बाबा.' फाइन म्हणते, पण बद्द वाजतं हो. इथे तिला माहीत नसतं मी बघतोय. गोल झाला की बँड दाखवतात. बँड दाखवला की मुक्ता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोल नाही तर बँड नाही, आणि टीम बाद झाली तर सीझनच खलास. मुक्ताचं तर शेवटचं वर्ष. दुसऱ्या दिवसापासून मीही पहाटे त्या कॅनडाच्या पोरासाठी अथर्वशीर्ष म्हणायला लागले.

मग तो हरलं की बाहेर, असा सामना आला. शनिवारची पहाट. मी कान देऊन बसलेली. अजान झाली, उजाडलं, दूधवाला येऊन गेला. आरोळी नाही.

सांजा केला आणि घेऊन गेले. दार उघडंच. एसी बंद, खिडक्या सताड. मोने उघड्या डोक्याने बसलेले, डोळे लाल. आणि टेबलावर उन्हात ती वाटी. गणपती कमरेपर्यंत मोकळा झालेला.

"हरले?"

"हरले. एक गोल नाही. बँड दाखवलाच नाही."

"मग देव का बाहेर काढलात? मागितलेलं मिळाल्याशिवाय काढत नाहीत आपल्यात."

मोन्यांनी वाटी जवळ ओढली.

"मॅच संपली आणि फोन आला, काकू. तिचा. उद्याची वाट न बघता. आधी काही बोलेचना. मग म्हणाली, 'बाबा, हरलो आपण.' मराठीत! मी म्हटलं, हो गं, पाहिलं मी. म्हणाली, 'तुम्ही बघता?' आणि जी रडायला लागली! हॉकीवरून सुरू झाली आणि आईवर आली. फोन तापला नुसता."

त्यांचं बोट आपलं टेबलावर टकटक करत होतं.

"कशी वाजली?" मी विचारलं.

"खणखणीत," मोने म्हणाले.

मी सांज्यावरचं झाकण काढलं. त्यांनी गळ्यातला मफलर सोडला, त्याच्या टोकाने देव पुसून कोरडा केला, आणि त्याला नेऊन देव्हाऱ्यात ठेवला.