गुप्तेकाकांची साक्ष

निवृत्तीनंतर गुप्तेकाकांनी एकही अफवा मोकळी सोडली नाही. कुणाविषयी काही सांगायचं झालं, की आधी ते हात वर करून म्हणायचे, "ऐकीव सुरू." मग, "वरच्या मजल्यावरचा जावई म्हणे नोकरी सोडून घरी बसलाय." आणि लगेच, "ऐकीव बंद." मगच चहाचा पुढचा घोट.

आम्ही पनवेलला एकाच इमारतीत राहायचो. माझ्या आईला ताप आला, तर काका दारातून विचारणार, "मोजला का? नाही? मग ताप ऐकीव आहे." भाजीवालीनं कोथिंबीर ताजी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिलाही विचारलं होतं, "ही साक्ष की ऐकीव?" ती म्हणाली, "ही कोथिंबीर हाय. घेताव का जाऊ?"

हे वेड त्यांना माझ्या दुकानात लागलं. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. टपाल नाक्याजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं असली कामं. काका कचेरीत पस्तीस वर्षं दस्तांच्या नकला करून निवृत्त झालेले. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. दुपारी ते माझ्याकडे येऊन बसायचे. रद्दीत टाकलेलं एक इंग्रजी पुस्तक त्यांनी असंच एकदा उचललं. मजकुराला खुणा कशा कराव्यात, ते त्यात होतं. मजकुराच्या आधी टोकदार कंसात त्याचं नाव लिहायचं, मजकूर संपला की तेच नाव तिरकी रेघ देऊन पुन्हा. म्हणजे तो मजकूर काय आहे, हे यंत्रालाही कळतं.

काकांनी ते पोथीसारखं वाचलं. "सुहास, पस्तीस वर्षं मी नकला केल्या," ते म्हणाले, "पण कुठलं वाक्य कुणी बघितलंय आणि कुठलं नुसतं ऐकलंय, हे एका दस्तात धड कळलं नाही. आता कळेल."

आणि त्यांनी पनवेल परिसरात घडलेल्या गोष्टी लिहायला घेतल्या. सकाळच्या एसटीनं कोनला, ओव्याला, आपट्याला जायचे, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे आणि दुपारी एका बोटानं माझ्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. घटना, कधी, कुठे, साक्ष, ऐकीव. एकूण एक वाक्य कंसात. मी गिऱ्हाइकांसमोर त्यांची नक्कल करायचो. "ऐकीव सुरू, पत्रिका उद्या मिळेल, ऐकीव बंद." गिऱ्हाइकं हसायची. काकाही हसायचे. मला वाटायचं, त्यांना कळत नाही.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचा एक लेख घ्यायचं ठरलं. त्यांनी आपट्याची हकीकत दिली. फार पूर्वी पाताळगंगेच्या पुरात होडी उलटली होती. नावाडी धर्मा, त्याचं प्रेत सापडलं नाही, म्हणून गाव म्हणत आलं की तो माणसांना टाकून पळाला. त्याची बायको हिराबाई हे ऐकतच म्हातारी झाली. काकांनी त्या होडीतली एक मुलगी शोधून काढली. आता ती कोनला नातवंडं सांभाळत होती. काकांच्या फाइलमध्ये होतं:

<ऐकीव>नावाडी पोहत पलीकडे गेला आणि पळून गेला.</ऐकीव>
<साक्ष>त्याने मला काठावर ढकललं. मग अजून एकाला आणलं. तिसऱ्यांदा आत गेला, तो वर आला नाही.</साक्ष>

छपाईच्या आदल्या दिवशी साडीच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात आली. मी घाईत होतो. एका आज्ञेत सगळे कंस, सगळ्या खुणा पुसून टाकल्या. मजकूर तरी मावेना, तेव्हा शेवटच्या ओळी कापल्या. वाचून पाहिलं नाही. छापलं गेलं ते असं, की नावाडी पोहत पलीकडे गेला आणि पळून गेला. खाली ठळक अक्षरात गुप्तेकाकांचं नाव.

चारच दिवसांनी हिराबाई दुकानात आली. शेजारच्या सुनेनं तिला वाचून दाखवलं होतं. काका खुर्चीत बसलेले. तिनं स्मरणिका माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्ये कोनी लिवलं?"

मी तोंड उघडलं. मग स्मरणिकेची पानं उलटायला लागलो.

"मी," काका म्हणाले. "माझी चूक झाली."

"मी तुमाला च्या पाजला," ती म्हणाली. "तुमी एक गोष्ट तीन तीनदा इचारलीत. आता कागदावर पन त्यो पललाच?"

ती निघून गेली. मी काकांकडे बघू शकलो नाही. खाली मान घालून पुटपुटलो, "काका, चूक माझी होती. तुम्ही कशाला अंगावर घेतलीत? लोक तोंड फिरवतील."

"तुला इथं दुकान चालवायचंय," ते म्हणाले. "आणि मला बघून तोंड फिरवायला आधी कुणी माझ्याकडे यायला हवं ना?"

मग त्यांनी खुलासा लिहिला. गाळलेली साक्ष पूर्ण, 'चूक माझी' आणि खाली त्यांची सही. तो मीच टाइप केला. 'माझी' या शब्दावर बोटं थांबली. तरी मी तो बदलला नाही. काकांनी आपट्याला जाऊन तो घरोघर वाटला.

मला आपट्याला जायला सहा महिने लागले. एका रविवारी गेलो. हिराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

तिचा हात थांबला नाही. "म्हायती हाय मना," ती म्हणाली. "तीनदा इचारून लिवनारा मानूस असा चुकल? तवा तुजं तोंड बघितलं ना मी."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"दर बुधवारी येतात ते," ती म्हणाली. "माफी मागतात. मंग बसतात. धर्माचं इचारतात, त्याला काय आवडायचं, कसा बोलायचा. आता काय लिवत नाय. जेवून जातात."

"मी आजच काकांना सांगतो," मी म्हणालो. "तुम्हाला खरं ठाऊक आहे म्हणून. उगाच किती दिवस माफी मागणार ते?"

हिराबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"नको सांगू, बाबा," ती म्हणाली. "चूक त्यांची नाय असं झालं, तर बुधवारचं येयाला त्यांना कारन काय रहील?"