पिंगळे अण्णांची रेघ

मे महिन्याच्या भर दुपारी ऑफिसात शिरल्या शिरल्या जो माणूस आधी पंखा बंद करतो, त्याच्याविषयी कृतज्ञतेनं लिहिणं तसं अवघडच. पण मला लिहायचंय.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवरच्या एका छोट्या शेती मासिकात मी मुद्रितं तपासायला लागले. आमच्या घरातली मी पहिली बी.ए. पिंगळे अण्णा तिथले चित्रकार. मासिकाचा कागद असा, की फोटो छापला तर द्राक्षाचा घड आणि कोळशाची पाटी सारखीच दिसे. म्हणून अण्णा स्क्रॅचबोर्डवर चित्रं काढत. पुठ्ठ्यावर पांढऱ्या मातीचा थर, त्यावर काळी शाई. टोकदार सुरीनं शाई खरवडली की खालचं पांढरं रेघेरेघेनं वर येतं. खरवडलेली भुकटी उडू नये म्हणून पंखा बंद. आम्ही घामानं निथळत असू.

“पदवीधरबाई, शिंकायचं असेल तर जिन्यात!” ते ओरडत.

या कामात खाडाखोड नाही. वरून पुन्हा शाई लावली तरी डाग दिसतोच, असं अण्णांचं म्हणणं. एकदा बैलांवरच्या लेखाचं चित्र काढता काढता नादात त्यांनी बैलाला कास काढली. संपादकांनी कपाळाला हात लावला.

“अण्णा, अंक उद्या छापायला जायचाय!”

“मग गाईचा लेख घ्या. लेख खोडता येतो, रेघ नाही.”

त्या महिन्यात गाईचा लेख आला.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. देवळा गावाजवळच्या आमच्या घरात आईनं त्यांच्यासाठी भिंतीला खिळा ठोकून ठेवला होता. एकदा डबा खाताना मी हे अण्णांना सांगून गेले.

“मी कांद्यावरच्या किड्यांची चित्रं काढतो हो,” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मला समोर बसवलं. नाक-डोळे विचारलेच नाहीत.

“उजेड कुठून यायचा त्यांच्यावर?”

“चुलीचा. खालून.”

“हसताना आधी काय हलायचं?”

“मिशी. डावीकडची.”

मग अण्णा स्वतःचीच मिशी हलवून बघत. “अशी? का अशी?” ऑफिस खो खो हसायचं. बोर्डाच्या कपट्यासाठी शिपायाशी भांडणारे अण्णा माझ्यासाठी अख्खे बोर्ड वाया घालवत होते. “छे! हे तुमचे वडील नाहीत, हे माझे मामा झाले!” म्हणून पुन्हा नवा बोर्ड घेत.

शेवटी एक चित्र माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, “आईंना दाखवा. त्या म्हणतील ते खरं.”

आईनं चित्र हातात घेतलं. मग तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला, वडील घरात आले की घ्यायची तसा.

हे सांगायला आणि आईनं दिलेले कांदे पोचवायला मी अण्णांच्या घरी गेले. ते एकटेच राहत. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक कोराकरकरीत काळा बोर्ड टांगलेला होता.

“हे काय, अण्णा?”

“आमची ही.”

मला कळेना.

“फोटो आहेत तिचे. त्यात ती फोटोग्राफरकडे बघतेय. मला ती माझ्याकडे बघताना काढायचीय. सुरी टेकवतो आणि हात थांबतो. एक रेघ चुकली तर?”

“पण माझ्या वडिलांचं काढलंत की!”

“त्यांना मी कुठं पाहिलं होतं?” अण्णा म्हणाले, आणि खांद्यावरच्या पंच्यानं फ्रेमची काच पुसू लागले.