सर्वांना समान क्रमांक

सर्वांना समान मानलं की प्रमुख निवडणं सोपं जातं: जो सर्वांत जुना, तो प्रमुख. (यालाच आधुनिक व्यवस्थापन म्हणतात.)

पावणे गावातल्या एका पॅकिंग कारखान्यात यंदा संगणकांचं जाळं नवं झालं. तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून तारा दुहेरी टाकतात. मग एकच निरोप अफवेसारखा गोल गोल फिरत बसतो. ते टाळायला स्विच आपसांत एक प्रमुख निवडतात आणि त्याच्या सोयीने जादा वाटा बंद ठेवतात. ज्याचा क्रमांक लहान, तो मोठा.

अकाउंट्स, परचेस आणि सेल्स, तिन्ही खात्यांना आपलाच स्विच प्रमुख हवा होता. बऱ्याच बैठकांनंतर (समोसे वेगळे) सर्वांना एकच क्रमांक देण्यात आला. अशी बरोबरी झाली की स्विच अंगावर कोरलेला आकडा बघतात, आणि तो सहसा जुन्याचा लहान असतो. निवडून आली ती गिरजाबाईंच्या टेबलाखालची धुळकट पेटी. तिच्यावर बाई जेवणाचा डबा ठेवत. तो छान कोमट राही.

गिरजाबाई इथल्या टेलिफोन ऑपरेटर. काळ्या फोनच्या काळात त्या आधी ऐकायच्या, मग समजून घ्यायच्या, मगच लाइन जोडायच्या. पेटीही त्याच वळणाची. कुठे तार हलली की पंधरा सेकंद ऐकते, पंधरा सेकंद शिकते, मग निरोप सोडते. नव्या पेट्या क्षणात बोलतात. पण हिच्याशी बोलताना त्याही हिच्याच जुन्या चालीवर येतात. बाईंना हे फार पटलं. (घरी नातवंडांना हा नियम लागू नाही.)

अशात बाईंची बदली द्रोणागिरीच्या गोदामात झाली. नावड्याच्या घरून तिथे जाण्यायेण्यातच त्यांचा जीव गेला असता. टेबल हलवायला नेटवर्कवाला प्रितम आला.

"बाई, फक्त वायर काढतो. टेन्शन नका घेऊ."

"काढ की, बाबा. मंग मोठा कोन?"

प्रितम वायर तशीच ठेवून मॅनेजर उदयसिंहांकडे गेला. "सर, ती काढली तर परचेसचा स्विच प्रमुख होतो."

"सेल्सवाले फाडून खातील मला. हात लावू नको."

"आणि टेबल?"

"राहू दे."

"आणि बाई?"

"रिकामं टेबल दिसलं तर उद्या अकाउंट्सवाले येऊन बसतील. बाई बसू देत तिथंच."

'जाळ्याच्या स्थैर्यास्तव' बदली रद्द झाली. आता तार हलली की कारखाना अर्धं मिनिट थांबतो, आणि बाई डबा उघडतात.

वाचकांनी हसू नये. आपल्या सोसायटीचा अध्यक्ष कसा निवडला, ते आठवून पाहावं. अर्धं मिनिट पुरेल. शेजारचा होऊ नये म्हणून हात कोणी वर केला होता, तेही तेवढ्यातच आठवेल.