पबातल्या म्हातारीचा घास

आमचे खांबेटेकाका पबमध्ये जाऊन चिप्स मागवायचे आणि त्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून कावळ्याची वाट बघत बसायचे.

मी पुण्याहून ब्रिस्टलला नोकरीला आलो तेव्हा त्यांच्याच घरी भाड्याने राहत होतो. विमानांच्या इंजिनांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, बिअरचा थेंब घेतलेला नाही. पण कोपऱ्यावरच्या त्या जुनाट पबचा इतिहास तोंडपाठ! छताच्या तुळया मोडक्या जहाजाच्या, तळघरात चोरटी दारू आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एका खलाशाची आई. पोरगा समुद्रावरून परतला नाही, वाट बघून म्हातारी गेली, आणि म्हणे ती खुर्ची अजून आपोआप सरकते.

"भूतबित काही नाही रे," काका मला दटावायचे. "इच्छा राहिलीय तिची. ती विचारायला नको?"

चिप्स झाल्या, मासा झाला, सॉसेज झालं. दर वेळी कावळ्याऐवजी सीगल पक्षी झडप घालायचा आणि काका ओरडायचे, "सीगल धरत नाहीत!" सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणणारी पबची मालकीण मॉरीन म्हणाली, "मिस्टर खांबेटे, लव्ह, तिला जिन हवी असेल." काकांनी नाक मुरडत जिनही ठेवली.

मग कळलं, पब विकला गेला. तिथे फ्लॅट्स होणार, शनिवार शेवटचा. काकांची झोपच उडाली. "अरे, खुर्ची कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकतील. ही बाई जाईल कुठे?" कौन्सिलला पत्रं गेली. घरात सारखा तोच घोर. शेवटी मी वैतागलो. "काका, तुमची कोण लागते ती?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई साताऱ्यात वारली तेव्हा इथली नोकरी नवी होती, रजा मिळाली नाही. भावाने पत्रातून कळवलं, सगळ्यांनी वचनं दिली तरी कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला.

"तिचा जीव कशात अडकलाय ते मला माहीत होतं रे. आणि मी इथं."

मला माझ्या आगाऊपणाची लाज वाटली.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी घरून वरणभात आणला होता. तो कट्ट्यावर ठेवून त्यांनी हात जोडले. 

"आई, माझी काळजी करू नकोस. दोन्ही वेळा जेवतो मी. थंडीत स्वेटर घालतो."

मॉरीनला मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. ती बाहेर आली, काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "शी हर्ड यू, लव्ह."