सोनटक्क्याला ऊन

"या कोजागरीला आमच्या दारी सोनटक्का फुलणार!" असं मी गारखेड्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. घरामागच्या बोळात, पेरूच्या गार सावलीत झाडं माझ्या कमरेएवढी झाली होती. गड्डे दिले होते शेजारच्या आशाबाईंनी. घर विकून त्या लेकाकडं बजाजनगरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? फुललं की बोलवा मला."

दसरा झाला तरी कळीचा पत्ता नाही! मी निदान केलं: ऊन कमी पडतंय.

"अहो, ते सावलीतलंच झाड आहे," माझी बायको मीनाक्षी म्हणाली. "जरा धीर धरा."

"सावलीत बसून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणून मी ऑफिसातल्या बन्सीला कुऱ्हाड घेऊन बोलावलं. पेरूच्या दोनच फांद्या काढायच्या होत्या. पण शेजारी बोअरची मोटर घरघरत होती. मी खालून बोट दाखवून ओरडायचो, "ही नको!" वरून बन्सी म्हणायचा, "व्हय, हीच ना!" मोटर थांबली तेव्हा पेरूचा नुसता खांब उरला होता.

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन थेट बोळात उतरलं. संध्याकाळपर्यंत सोनटक्क्याची पानं भाजलेल्या पापडासारखी! घाबरून मी गच्चीपासून कुंपणापर्यंत पांढऱ्या चादरी बांधल्या आणि दारात डोकं धरून बसलो.

समोरचे काकासाहेब थबकले. चपला काढून हळूच म्हणाले, "श्रीधरराव, कधी झालं?"

"काल. बारा वर्षांचा होता हो!"

"अरारा! कशानं?"

"बन्सीनं कुऱ्हाड चालवली. मीच बोलावलं होतं त्याला."

काकासाहेब चपला तिथंच टाकून पळाले!

बघता बघता दारात ही गर्दी! मागून एक हवालदारही आला. मी त्याला खांब दाखवला.

"हा मयत?" त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

गल्ली हसून हसून लोळायची बाकी होती, तेवढ्यात रिक्षा थांबली. श्रीधररावांच्या घरात खून झाला, असा कुणीतरी बजाजनगरला फोन केला होता. "मीनाक्षी! अगं मीनाक्षी!" करत आशाबाई रडतच आत शिरल्या. कणकेच्या हातांनी मीनाक्षी बाहेर आली, तेव्हा त्यांनी तिला जी मिठी मारली ती सोडेनात.

मग त्या बोळात गेल्या. करपलेल्या एका दांड्याचा शेंडा त्यांनी नखानं हलकेच उकलला. आत कळ्यांचा झुबका होता, टोकं काळी पडलेला.

"आल्या होत्या की हो," आशाबाई म्हणाल्या. "लई जवळ आल्या होत्या."

तो झुबका त्यांनी नाकाशी धरला, मग पदराच्या टोकाला बांधला आणि रिक्षात जाऊन बसल्या.

कोजागरीला आम्ही दोघंच दूध प्यायलो. हल्ली सकाळी पेरू खायला पोपट येतात, भिंतीवर रांगेनं बसतात आणि माझ्याकडं बघत राहतात. त्यांना मी बन्सीचं नाव सांगितलंय!